बघत कोण होतं

नोकरीत असताना खून, दरोडे, दंगली सगळं पाहिलं. त्यातलं बरंचसं आता एकमेकांत मिसळून गेलं आहे. लातूरच्या त्या मुलींच्या हॉस्टेलचं प्रकरण मात्र कालच घडल्यासारखं समोर उभं राहतं. त्यात कुणाला चाकू लागला नव्हता, कुणाचं घर फुटलं नव्हतं. तरी त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत मला जी धास्ती होती, ती मोठमोठ्या बंदोबस्तातही कधी वाटली नाही. नावं कुणाचीच देणार नाही. गावंही मोघमच सांगेन.

मी तेव्हा ज्या ठाण्याचा प्रभारी होतो, त्याच्या हद्दीत क्लास, हॉस्टेलं, मेस आणि झेरॉक्सची दुकानं यांच्याशिवाय दुसरं फारसं काही नव्हतं. भूकंपानंतर ज्या जिल्ह्याचं नाव काढलं की लोक हळहळायचे, त्याच जिल्ह्यात आता आईबाप लेकरांना डॉक्टर करायला आणून सोडत होते. मुखेड, कंधार, देवणी, कुठून कुठून पोरं यायची. ठाण्यातल्या तक्रारीही त्याच वळणाच्या. सायकल गेली, मोबाइल गेला, मेसमध्ये मारामारी झाली, चाचणीत मार्क कमी पडले म्हणून पोरगं रूम सोडून निघून गेलं. या शेवटच्या तक्रारीला मी स्वतः उठायचो. बाकीचं हवालदार बघून घ्यायचे.

हॉस्टेलवाल्यांमध्ये त्या वर्षांत एक नवी टूम निघाली होती. 'घरबसल्या आपली मुलगी पाहा' असं फलकावरच लिहिलेलं असायचं. अभ्यासिकेत, मेसमध्ये, मजल्यामजल्याच्या पॅसेजमध्ये कॅमेरे लावायचे आणि पालकांच्या मोबाइलवर त्याचं ॲप टाकून द्यायचं. शेतात उभ्या उभ्या बापानं बघावं, लेक पुस्तक घेऊन बसली आहे की नाही. पालक खूश, हॉस्टेलवाले खूश. पोरींना कुणी विचारलंच नव्हतं.

त्या दिवशी हजेरी आटोपते न आटोपते तोच बीट अंमलदाराचा फोन आला. "साहेब, क्लासपुढं लई माणसं जमून राहिलेत. फिजिक्सच्या सरला बाहेर काढा म्हणत्यात. एक व्हिडिओ फिरून राहिला."

गर्दीचं एक असतं. पहिल्या अर्ध्या तासात ती नुसती बघायला आलेली असते, नंतर तिला काहीतरी करावंसं वाटायला लागतं. मी पथक पाठवलं, त्या तरुण शिक्षकाला मागच्या दारानं काढून जीपमध्ये घातलं आणि ठाण्यात आणलं. अटक नव्हे, सुरक्षेसाठी. तशी स्टेशन डायरीला नोंद घेतली. तो पोरगेला माणूस, घामानं भिजलेला, सारखं एकच म्हणत होता, "सर, मी काही केलं नाही." हे वाक्य मी नोकरीत इतक्यांदा ऐकलं होतं की त्याच्याकडे लक्षही दिलं नाही. त्याला आतल्या खोलीत बसवलं.

मग व्हिडिओ पाहिला. क्लासच्याच हॉस्टेलचा पॅसेज. एक मुलगी भिंतीला टेकून उभी आहे. हा शिक्षक तिच्यासमोर येतो, तिच्या डोक्यावर हात ठेवतो, ती मान खाली घालते. संपलं. शहरातल्या एका यूट्यूब बातम्यांच्या चॅनलनं मुलीचा चेहरा धूसर करून तो लावला होता आणि वर लाल अक्षरांत विचारलं होतं, कोचिंगच्या नावाखाली हेच चालतं का? खाली लिहिलं होतं, संध्याकाळी लाइव्ह, पूर्ण व्हिडिओसह.

मी तो पाहत असतानाच वकीलबाई आल्या, सोबत व्हिडिओतली ती मुलगी.

या वकीलबाईंबद्दल थोडं सांगायला हवं. शहराच्या मुख्य बाजारात, गोलाईत, पिढ्यान्‌पिढ्या अत्तराचं दुकान असलेल्या मुसलमान घरातली मुलगी. बाहेर शिकली आणि परत लातुरात येऊन वकिली करू लागली. तीही कसली, तर ऑनलाइन बदनामी, खासगीपणा, पोर्टल आणि चॅनलवाल्यांच्या नोटिसा यांची. बार रूममध्ये तिला 'मोबाइलवाली वकील' म्हणून चिडवायचे. जमिनीच्या बांधावर आणि चेक न वटण्यावर पोट भरणाऱ्या वकिलांना या कामात काय मिळणार असं वाटायचं. तिच्याकडे मात्र कामाला तोटा नव्हता. मला ती फारशी आवडायची नाही. कलमं तोंडपाठ असलेला वकील ठाण्यात आला की ठाणेदाराचं डोकं आपोआप तापतं.

मुलगी खुर्चीत बसली ती भिंतीकडे तोंड करून. मुखेडकडच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याची. डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेत पहिल्या प्रयत्नात थोडक्यात हुकलेली, म्हणून पुन्हा बसलेली. परीक्षा अगदी तोंडावर आली होती. ती काही बोलेना म्हणून बाईंनी तिचा फोन माझ्यापुढे ठेवला. अनोळखी नंबरवरून निरोप आला होता. 'गपचूप गावी जा. परीक्षेला बसलीस तर अजून लई हाय माझ्याकडं.'

"गावातल्या ग्रुपवर हीच क्लिप काल सकाळपासून आहे," बाई म्हणाल्या. "तिथं चेहरा उघडा आहे. वडील तिला न्यायला निघालेत. एकदा गावी गेली की ती परत येणार नाही, हे तिलाही माहीत आहे आणि पाठवणाऱ्यालाही."

मी लेखनिकाला बोलावलं आणि फिर्याद घ्यायला सांगितलं. बाईंनी हात वर केला. "साहेब, त्याआधी एक. हा गुन्हा संवेदनशील म्हणून नोंदवा. एफआयआर खात्याच्या वेबसाइटवर चढवू नका. तिचं नाव तुमच्या केस डायरीत असू द्या, ठाण्यातल्या सगळ्यांच्या तोंडी नको." मग अगदी शांतपणे विचारलं, "आणि ही क्लिप तुमच्या स्टाफच्या मोबाइलमध्ये आहे का?"

होती. ठाण्याच्याच ग्रुपवर सकाळी कुणीतरी 'माहितीस्तव' म्हणून टाकली होती. दारातला शिपाई नुकताच ती बघून त्या मुलीकडे बघत होता. माझ्या कानाची पाळी तापली. मी सगळ्यांना आत बोलावून फोन काढायला लावले आणि माझ्यादेखत क्लिप पुसायला लावली. पुराव्यासाठी एक प्रत सायबर सेलकडून रीतसर सील करून घेतली.

मुलगी तशीच भिंतीकडे बघत बसलेली. मला भूकंपातली एक बाई आठवली. मी तेव्हा नवा फौजदार होतो. ढिगाऱ्यापाशी ती बसली होती, बाहेरगावाहून आलेले लोक तिचे फोटो काढत होते आणि ती तोंड झाकायला पदर शोधत होती. पदरही धड उरला नव्हता. मी मधे जाऊन उभा राहिलो, तेवढंच मला सुचलं होतं. इथेही महिला शिपायाला सांगून मुलीची खुर्ची माझ्या केबिनमागच्या खोलीत हलवली आणि दार लावून घ्यायला सांगितलं.

आयटी कायद्याचं कलम लागलं की तपास पोलीस निरीक्षकाखालचा अधिकारी करू शकत नाही. म्हणजे तपास माझ्याच गळ्यात. निरोप ज्या नंबरवरून आला, त्याचं सिम बाजारात तंबू लावून विकतात तसलं, भलत्याच म्हातारीच्या कागदपत्रांवर घेतलेलं. कॉलचा तपशील मागवला, पण तो यायला वेळ लागणार होता आणि चॅनलचं लाइव्ह संध्याकाळी होतं.

माझ्या डोक्यात वेगळंच चक्र फिरत होतं. बदनामी करणारा माणूस बहुधा काहीतरी मागतो. पैसे मागतो, भेट मागतो. इथं मागणी एकच, पोरीनं परीक्षेला बसू नये. त्यात शिक्षकाचीही उचलबांगडी होत होती. हा सर क्लासचा नावाजलेला, त्याला फोडायला दुसरे क्लासवाले टपलेले. हे त्यांचंच काम, असं मी मनाशी पक्कं केलं आणि त्या दिशेला माणसं पाठवली.

शिक्षकाला समोर घेतलं. तो म्हणाला, शंका विचारण्याचा तास खालच्या मजल्यावर होता. चाचणीचे मार्क लागले होते, मुलगी बाहेर येऊन रडत होती. तेव्हा 'होईल' म्हणून त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी हॉस्टेलच्या रेक्टर बाईंकडून कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरमधलं त्या दिवसाचं सगळं चित्रण काढून घेतलं. शिक्षक खरं बोलत होता. फिरणारी क्लिप जिथं तुटते, त्याच्या पुढच्याच क्षणी शेजारच्या दोन मुली येतात, एक तिला पाण्याची बाटली देते, तिघीही शिक्षकाशी बोलतात आणि आत जातात. क्लिप सुरू होण्याआधीही त्या दोघी तिच्याजवळ येऊन गेल्या होत्या. कुणीतरी मुद्दाम मागचं पुढचं छाटलं होतं.

"ही क्लिप रेकॉर्डरमधून कुणी काढली?" मी विचारलं.

रेक्टर बाई गडबडल्या. "आमच्याकडून न्हाई गेली साहेब. ॲपवरून कुणी बी काढू शकतंय."

"कुणी बी म्हणजे?"

"पालक."

"कुठल्या पालकानं बघितलं ते ॲपमध्ये दिसेल ना?"

त्यांनी शेजारी उभ्या हॉस्टेलमालकाकडे बघितलं, मालकानं छताकडे. मग कळलं, सगळ्या पालकांना मिळून एकच नाव आणि एकच पासवर्ड दिलेला होता. वेगळे द्यायचे तर प्रत्येकाला शिकवावं लागतं, लोक विसरतात, सारखे फोन येतात, म्हणून सगळ्यांना एकच. तोही कुठला, तर हॉस्टेलचंच नाव. एकाच्या मुलीवर शंभर घरांचे डोळे आणि कुणाचा डोळा कुठला, ते सांगायला कुणी नाही. मी मालकाला जे बोललो, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

एवढ्यात मुखेडहून जीप आली. मुलीचे वडील, आई आणि मामा. वडील साधे, पांढऱ्या टोपीतले, बसस्टँडवर कुठली गाडी कुठं लागते तेही दुसऱ्याला विचारतील असे. आई आवारातल्या लिंबाखाली जाऊन बसली, पदर डोक्यावरून पार पुढे ओढून. बोलत होता तो मामा. तालुक्याच्या गावी त्याचं खत-बियाण्यांचं दुकान होतं, चार माणसांत ऊठबस होती.

"साहेब, त्या मास्तरला आधी फोडून काढा," तो म्हणाला. "आन् आमची पोरगी आमच्या ताब्यात द्या. परीक्षा-बिरीक्षा बास झाली आता. दाजी, तुम्ही गप बसा, मी बोलतो साहेबांशी."

वडिलांनी टोपी काढून हातात घेतली. नुसतं म्हणाले, "नेतो साहेब लेकराला. उद्या लोकं दारात येऊन विचारतील."

मी दोघांना बाहेर बसवलं आणि चॅनलवाल्याला बोलावून घेतलं.

हा तिशीतला पोरगा. टायरच्या दुकानावरची एक खोली, एक कॅमेरा, एक माईक, आणि त्या जोरावर जिल्ह्यातले पुढारी त्याला टरकून असायचे. वकीलबाईंना बघून तो एकदम उभा राहिला. मला तेव्हाच कळलं की आदल्या वर्षी एका पुढाऱ्यानं त्याचं चॅनल बंद पाडायचा घाट घातला होता, तेव्हा त्याच्या बाजूनं लढलेल्या वकील याच. बाईंनी ते माझ्यापासून लपवलं नाही. म्हणाल्या, "आधीचा पक्षकार आहे माझा. आता मी मुलीकडून आहे. त्यालाही सांगितलंय."

मी त्याला सरळ विचारलं, "क्लिप कुणी दिली?"

"सोर्स सांगणार न्हाई साहेब."

मी खुर्ची मागे सारून उठलो. नोकरीत पुष्कळांनी माझ्यासमोर 'सांगणार नाही' म्हटलं होतं आणि नंतर सांगितलंही होतं. तोच बाई मधे पडल्या. "नको सांगू. साहेब, तुम्हीही विचारू नका."

मला क्षणभर खरंच वाटलं नाही. माझ्या ठाण्यात बसून, फिर्यादीची वकील माझ्याच साक्षीदाराला तोंड उघडू नको म्हणून सांगत होती! मी आवाज चढवला. "बाई, तुमची पोरगी आत बसलीय. संध्याकाळी हा माणूस तिला अख्ख्या मराठवाड्यात दाखवणार आहे. आणि तुम्ही याला संरक्षण देता?"

"आज तुम्ही याच्याकडून सोर्स काढलात, तर उद्या कुठला तलाठी, कुठला शिपाई याला येऊन खरं सांगेल?" त्यांचाही आवाज चढला होता. "तुम्ही याला दाबलंत, तर मी याचंच वकीलपत्र घेऊन तुमच्याविरुद्ध उभी राहीन. ते वेगळं. पण तू ऐक." त्या त्याच्याकडे वळल्या. "मागच्या वर्षी मी भांडले ते बातमीसाठी. एका पोरीचं मार्क कमी पडल्यावरचं रडणं, ही बातमी आहे का? कुणाचा फायदा आहे त्यात? पूर्ण व्हिडिओ साहेबांकडे आहे, बघ. आणि मग सांग, संध्याकाळी काय दाखवणार आहेस."

मी त्याला पूर्ण चित्रण दाखवलं. त्यानं ते दोनदा बघितलं. त्याच्याकडे आलेला 'पूर्ण व्हिडिओ'ही छाटलेलाच होता. बाईंनी नियमानुसारची नोटीस त्याच्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या की हिच्यावर सही करून वेळ घालवायचाय, की आत्ताच काढतोस? त्यानं तिथंच बसून क्लिप काढली. त्याच्याकडे आलेला मूळ संदेश मात्र पुसला नाही. तो न्यायालय मागेल तेव्हा देईन, असं त्याच्याकडून लिहून घेतलं.

लाइव्हचं संकट टळलं, पण पाठवणारा मोकळाच होता. त्याच्याकडे अजून काय काय होतं, देव जाणे. त्यातच दुसऱ्या क्लासकडे गेलेली माझी माणसं हात हलवत परत आली. मी बाईंवर वैतागलो. "सोर्स विचारू दिला नाहीत. आता सांगा, पाठवणारा कसा शोधू?"

"साहेब, पाठवलं कुणी हे तुम्ही सकाळपासून सगळ्यांना विचारताय," त्या म्हणाल्या. "त्या कॅमेऱ्यातून रोज तिला बघत कोण होतं, हे एकदाही विचारलं नाही. ती कधी रडते, कधी पॅसेजमध्ये येते, हे रोज बघणाऱ्यालाच कळणार."

मला राग आला, पण बोलणं पटलं. क्लिप चेहऱ्यासकट आधी गावात फिरली होती, शहरात नंतर आली होती. मी नुसत्या मुलीच्या वडिलांना आत बोलावलं, चहा मागवला. माणसानं बोलावं असं वाटत असेल तर त्याच्या हातात गरम काहीतरी द्यावं, एवढी अक्कल मला नोकरीनं दिली होती.

"लेकीला मोबाइलवर कधी बघता तुम्ही?"

म्हाताऱ्यानं खिशातून बटणाचा फोन काढून दाखवला. "ह्याच्यात कुठलं दिसतंय साहेब? बाजाराच्या दिशी आम्ही दोघं मेव्हण्याच्या दुकानावर जातो. त्याच्या मोबाइलात हाय ते. तो लावून देतो, मग हिची माय बघती जरा. एरवी तोच ध्यान ठेवतो. फोन करून सांगतो मला, आज पोरगी अभ्यास करून राहिली, आज न्हाई."

"पासवर्ड त्यालाच दिला होता?"

"मला काय कळतंय त्यातलं? मीच म्हणलो त्याला, तूच घे टाकून. घरचाच हाय."

 आल्यापासून जो माणूस माझ्या ओसरीवर बसून मास्तरला फोडा म्हणत होता, तो! तरी संशय म्हणजे पुरावा नव्हे. मी मामाला आत घेतलं. आवाज चढवला नाही. उलट त्याला खुर्ची दिली, पंखा वाढवायला सांगितलं.

"तुमचे दाजी म्हणत होते, पोरीवर खरं लक्ष तुमचंच असतं," मी म्हणालो.

तो फुलला. "दाजीला काय कळतंय साहेब. मी बघतो म्हणून तर. सकाळ, दुपार, दुकानावर बसल्या बसल्या ध्यान ठेवतो. लहानपणापासून खांद्यावर खेळवलं तिला. मी न्हाई बघायचं तर कुणी बघायचं?"

"म्हणजे तो मास्तर आला, तेही तुम्ही बघितलं असेल?"

"बघितलं की! आन् त्या शेजारच्या पोरी बघा. पाणी देऊन राहिल्या तिला, मास्तरला बोलून राहिल्या. सगळ्या सामील."

खोलीत लेखनिक जबाब लिहीत होता, त्याचा पेन थांबला. मी त्याला खुणेनं लिहीत राहायला सांगितलं.

"कुठल्या पोरी?" मी विचारलं. "फिरणाऱ्या व्हिडिओत तर ती आणि मास्तर दोघंच आहेत."

 त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला आणि खरं सांगतो, नोकरीत कुठल्याही आरोपीच्या तोंडावर तो बघून मला इतकं बरं वाटलं नव्हतं. पाणी देणाऱ्या मुली फक्त पूर्ण चित्रणात होत्या. ते एक तर ठाण्यात पाहिलं गेलं होतं, नाही तर त्या दिवशी त्या वेळी ॲपवर.

पंच बोलावले, दोन्ही खिशांतले दोन्ही फोन जप्त केले. दुसऱ्या फोनमध्ये तेच सिम निघालं. आणि निघाली ती चित्रणं, एकट्या भाचीची नव्हेत. कुणी मुलगी कोपऱ्यात बसून घरी फोन करते आहे, कुणी ताट सोडून उठते आहे, कुणी भिंतीशी बोलत पाठांतर करते आहे. कुणाच्या तरी लेकी, ज्यांना आपण एकट्या आहोत असं वाटत होतं. त्यानं ते मोबाइलवर मोबाइल धरून टिपलं होतं. मी एवढंच विचारलं, कशासाठी?

"पोरगी माझ्या पोराला द्यायची बोली हाय, पाळण्यात हुती तवापासून," तो म्हणाला. "डाक्टर झाल्यावर ती माझ्या पोराला कशाला हाव म्हणती? मी काय वाईट केलं? घरात आणून राहिलो पोरीला, दुसऱ्याच्या न्हाई."

त्याला खरोखरच वाटत होतं की त्याचं काही चुकलेलं नाही. त्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

इथं प्रकरण सुटलं असं वाटेल. पण खरी कसोटी पुढेच होती. वडिलांना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातली टोपी खुर्चीवर ठेवली. मग हात जोडले. "साहेब, केस नका करू. घरचंच माणूस हाय. बाहेर कळलं तर आमची दोन्ही घरं जातील. आम्ही लेकराला घेऊन जातो, त्याला बी समजावतो."

मी दुसऱ्या मुलींच्या चित्रणाचं सांगितलं. त्यांना ते ऐकूच गेलं नाही. बापाच्या जागी तेही चूक नव्हते, ते मला कळत होतं, आणि त्यामुळेच मला काही सुचत नव्हतं. वकीलबाई बोलणार तोच मागच्या खोलीचं दार उघडलं. मुलगी बाहेर आली. दिवसभरात पहिल्यांदाच तिनं सरळ आमच्याकडे बघितलं.

"आप्पा, मी गावी येणार न्हाई," ती म्हणाली. "आन् केस बी करणारच. मी सज्ञान हाय."

"मामा हाय गं तुझा!" वडील ओरडले. रागानं कमी, रडकुंडीला येऊन जास्त.

"म्हणून तर," ती म्हणाली. 

दारात तिची आई उभी होती. लिंबाखालून कधी उठून आली ते कुणी पाहिलं नाही. डोक्यावरचा पदर खाली आला होता. आत लॉकअपकडे नेल्या जात असलेल्या भावाकडे तिनं एकदा बघितलं आणि नवऱ्याला म्हणाली, "बाजाराच्या दिशी मोबाइलात लेक बघून मी डोळे पुसायचे, हा बाजूला बसून राहायचा. मला वाटायचं, माझ्या जिवासाठी दाखवून राहिला." मग म्हणाली, "तुम्ही जावा गावाकडं. रान बघा. परीक्षा होईस्तोवर मी हितं राहते हिच्यासंगं. खोली घेऊन राहू."

"आन् तुझा भाऊ?"

"त्याचं काय ते साहेब बघतील."

 वडील जीपकडे गेले, अर्ध्यातून परत आले, मुलीच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि निघून गेले. मुलीनं फिर्यादीवर सही केली. मी ठाणे अंमलदाराला गुन्हा नोंदवायला सांगितलं आणि चेहरा धुवायला उठून गेलो, कारण स्टाफसमोर डोळे पुसायची मला सवय नव्हती.

पुढच्या काही दिवसांत हद्दीतल्या सगळ्या हॉस्टेलवाल्यांची बैठक घेतली. पॅसेजमधले कॅमेरे फक्त रेक्टरपुरते, पालकांचं ॲप बंद. काही पालक माझ्याशीच भांडायला आले की आम्ही पैसे भरतो, आमची पोरगी आम्हाला बघू द्या. एकाला मी विचारलं, तुम्ही रात्रंदिवस शेतात काय करता, ते तुमच्या सोयऱ्यांना बघू द्याल का? तो तणतणत गेला. मुलगी परीक्षेला बसली, एवढं मला रेक्टरकडून कळलं. आरोपपत्र दाखल झालं, सुनावणी बंद दाराआड चालली.

माझी साक्ष निघाली तेव्हा मी निवृत्त होऊन बरेच दिवस झाले होते. मुलीची साक्ष वेगळ्या दिवशी, पडद्याआड झाली होती, त्यामुळे ती दिसायचा प्रश्नच नव्हता. पुढे मामाला शिक्षा झाली. निकालाच्या दिवशी मी मुद्दाम गेलो होतो. कोर्टाबाहेरच्या टपरीवर वकीलबाईंनी मला चहा पाजला. आता आमचं बरं जमायचं.

मी विचारलं, "पोरीचं काय झालं? लागला का नंबर?"

"बरी आहे साहेब."

"ते ठीक. पण डॉक्टर होतेय का? कुठल्या कॉलेजात आहे?"

बाईंनी कप खाली ठेवला. "तिनं सांगितलंय, कुणालाही सांगायचं नाही. तुम्हालाही नाही."

मला राग आला. माणूस दिवसभर उपाशी राहून तपास करतो, बापाचे शब्द ऐकतो, आईचे ऐकतो, आणि शेवटी त्याला एवढंही कळू नये? मी तिच्यासाठी केलं नव्हतं का? तिला कशाला माझं वावडं असावं? हे सगळं मी बोललो नाही, पण तोंडावर दिसलं असणार. बाईंनी कप पुन्हा उचलला.

आणि बोलता बोलता थांबावं तसा मी मनातल्या मनात थांबलो. मी तिच्यासाठी इतकं केलं, म्हणून मला तिचं कळायलाच हवं. शब्द माझे होते, पण या चालीचं बोलणं मी आधी एकदा ऐकलं होतं, माझ्याच केबिनमध्ये, पंखा वाढवून दिलेल्या खुर्चीतून. गुन्हेगार ओळखण्यात माझी अख्खी नोकरी गेली. बघण्याचा हक्क आपोआप कुणालाच मिळत नाही, मामाला नाही, बापाला नाही आणि ठाणेदारालाही नाही, हे त्या टपरीवर कळलं.

"बरं," मी म्हणालो, "बरी आहे ना?"

"बरी आहे."

मी चहा संपवला. त्यानंतर पुन्हा कधी विचारलं नाही.